हात पाठीमागे बांधल्याबद्दल, काका

काका,

काल रात्री पाऊस आला. मी दार उघडून वळचणीखाली उभी राहिले. पन्हळीतलं पाणी आपल्या तांब्याच्या साखळीच्या पहिल्या कडीवर उतरलं, जरा घुटमळलं आणि मग एकेका कडीला वळसा घालत खाली आलं. पागोळ्या टपटपतात; हे झुळझुळत होतं. तेव्हाच तुमच्याकडे येऊन सांगावंसं वाटलं, पण अडीच वाजले होते. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ज्यांच्यामुळे मला तुमचं दार ठोठवावं लागलं त्यांच्याही नजरेस ते पडावं, अशी माझी थोडीशी दुष्ट इच्छा आहे.

पावसाचं पाणी उतरवायला पाईपऐवजी साखळी हवी म्हटल्यावर पहिल्या गृहस्थांनी “पाईपच लावा की ताई, ही कसली फॅडं” म्हणून विषय मिटवला. जपानमध्ये देवळांच्या आणि घरांच्या वळचणींना अशा साखळ्या कित्येक शतकं लटकताहेत, ‘कुसारी-दोई’ म्हणतात त्यांना, हे मी सांगत होते तेव्हा ते मोबाईल बघत होते. दुसऱ्यांनी आगाऊ पैसे घेतले आणि तांब्याच्या रंगाची लोखंडी साखळी टांगून गेले. एका पावसाळ्यात रंग सोलवटला, फरशीवर गंजाचा ओघळ उमटला. खालचं टोक कशालाच अडकवलेलं नव्हतं, त्यामुळे वारा सुटला की ती रात्रभर भिंतीवर आपटायची. तक्रार केली तर म्हणतात, “मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावतो.” आमच्या मिस्टरांना साखळीतलं ओ की ठो कळत नाही, पण ते असो.

तिसरे सगळ्यांत गोड. शिकवतो म्हणाले. मी तार वाकवायला घेतली की दोन मिनिटांत “द्या इकडे” म्हणून पक्कड काढून घ्यायचे. तीन दिवसांत नऊ कड्या झाल्या. त्यातली माझी एकही नव्हती. वर “हे बायकांच्या मनगटाचं काम नव्हे” हे होतंच.

तुमच्याकडे आले तेव्हा पिशवीत त्या नऊ कड्या, ४ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार आणि पोटात भरपूर राग होता. तुम्ही कड्या उलटसुलट करून पाहिल्यात, “चांगल्या आहेत” म्हणालात आणि बाजूला ठेवून दिल्यात. मग पक्कड मुठीच्या बाजूने माझ्यापुढे धरलीत. मी ती घेतल्यावर तुम्ही दोन्ही हात पाठीमागे बांधलेत आणि तसेच उभे राहिलात.

काका, एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

तुमच्यामागे खिडकीचं तावदान होतं. त्यात मला तुमचे हात दिसत होते, हे तुम्हाला ठाऊक नसावं. माझी तार भलत्या बाजूला वळायला लागली की तुमचा उजवा हात सुटायला बघायचा आणि डावा त्याचं मनगट आवळून धरायचा. चाळीस वर्षं धातू ठोकण्यात घालवलेल्या माणसाला माझं ते चाचपडणं बघवत नसणार. तरी तुम्ही दुपारभर तसेच उभे. पहिली कडी मी दोन्हीकडून फाकवून उघडली आणि तिचं पार अंडं झालं. “फाकवू नकोस,” तुम्ही जागेवरूनच म्हणालात, “दार लोटतेस तशी बाजूला वळव. एक टोक पुढे, एक मागे.” पुढची कडी गोलच राहिली.

मग तार हटून बसली. कितीही जोर लावला तरी वळेना, आणि मला ते मनगटाचं वाक्य आठवून डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही म्हणालात, “तुझं मनगट ठीक आहे. तांबं दमलंय.” वाकवून वाकवून तांबं ताठरतं, लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकलं की पुन्हा मऊ होतं, पोलादाला असं केलं तर ते उलट कडक होतं. हे मला आता माहीत आहे. पण खरं सांगू, मला त्या वेळी लागत होतं ते पहिलं वाक्य.

मदतीला धावणारे तसे कमी नाहीत. पण धावून येऊन काम आपलंच करून टाकतात, आणि आपण “थँक्यू” म्हणत बाजूला उभे. मीही त्यातलीच. मुलीच्या हातातली कात्री मी परवापर्यंत ओढून घेत होते. परवा ती पुठ्ठा वेडावाकडा कापत होती तेव्हा मी हात पाठीमागे बांधून पाहिले. भयंकर अवघड आहे हो. तुम्ही दुपार काढलीत, मला पाच मिनिटं निघाली नाहीत.

बाकी तपशील लिहीत नाही. साठ कड्या झाल्या, अडीच मीटरला थोडी कमी. खालचं टोक जड दगडाला बांधलंय, ती आता वाऱ्यात भिंत बडवत नाही. टांगताना मात्र तुम्ही एकदाच हात सोडलात: पन्हळीच्या जस्ती पत्र्यात आणि तांब्याच्या हुकात रबराचा तुकडा सरकवलात. दोन धातू ओल्यात एकमेकांना टेकले की त्यांचं भांडण लागतं आणि त्यात जस्त हरतं, म्हणालात. तेवढं माफ.

ते भडक तांबूसपण आताच थोडं मावळलंय. पुढे काळपट होईल, मग कधीतरी हिरवट. घासायची नाही, हे लक्षात आहे.

आणि हो, वरून सतराव्या कडीपाशी पाणी बाहेर उडतंय. तिचं एक टोक नीट मिटलेलं नाही. रात्री टॉर्च मारून बघितलं तेव्हा आठवलं, ती कडी ओवताना तुम्ही तिच्याकडे बराच वेळ बघत होतात आणि काही बोलला नव्हतात. रविवारी शिडी लावतेय. नक्की या. पक्कड माझ्याकडे आहे, तुम्ही फक्त हात पाठीमागे घेऊन या.

तुमची,
सतराव्या कडीवाली