आमची मराठी गीतं इंग्रजी अक्षरांत का?

माननीय संपादक,

सलाम. (आम्ही नगरकडचे ख्रिस्ती लोक भेटलो की सलामच म्हणतो, म्हणून पत्राची सुरुवातही तशीच करतेय.)

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि तेव्हापासून फादर स्टीफन्स या चारशे वर्षांपूर्वीच्या ख्रिस्ती कवीने मराठीचं कौतुक करत लिहिलेल्या ओव्या मला व्हॉट्सअ‍ॅपवर निदान पंधरा जणांनी पाठवल्या असतील, त्यातले बहुतेक हिंदू मित्रमैत्रिणी. वाचून अभिमान वाटतोच. पण आमच्या स्वतःच्या चर्चमध्ये दर रविवारी मराठीचं काय चाललंय ते कोणाला सांगावं, हे कळत नव्हतं, म्हणून तुम्हाला लिहितेय.

गेल्या उन्हाळ्यात माझे वडील प्रभूमध्ये झोपी गेले. गावाकडून, शेवगाव-नेवाशाकडून सगळे नातेवाईक आले. कब्रस्तानात पाळकसाहेबांची प्रार्थना संपली आणि कोणी न सांगता आमच्या आत्याने ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं गीत सुरू केलं, मागोमाग सगळ्या म्हाताऱ्या बायका, पुस्तक नाही काही नाही, पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत. त्या आवाजाने मला तेव्हा उभं राहायला बळ दिलं. आणि आमच्या शहरातल्या चर्चची तरुण मुलं, माझ्या वडिलांवर जीव असणारी, त्यांच्या खाटेला खांदा दिलेली मुलं, नुसती खाली मान घालून उभी होती, कारण त्यांना एक ओळसुद्धा येत नव्हती.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये वडिलांसाठी म्हणून वर्शिप टीमने मुद्दाम एक मराठी भजन घेतलं. एरवी चारपैकी तीन गाणी इंग्लिश आणि एक हिंदी असतं. प्रोजेक्टरवर शब्द लावले तेही इंग्रजी अक्षरांत, कारण गिटारवाल्या, कीबोर्डवाल्या मुलांना देवनागरी भरभर वाचता येत नाही. माझी आत्या चौथी शिकलेली, तिला फक्त मराठी वाचता येतं, तिने एकदा स्क्रीनकडे बघितलं आणि डोळे मिटून तोंडपाठ म्हणायला लागली. मुलं मात्र स्क्रीनवर बघून गात होती आणि गीतात होतं 'तार मला', पण इंग्रजी अक्षरांत 'तार' आणि 'तर' सारखंच दिसतं ना, म्हणून सगळी टीम माइकवरून मोठ्याने 'तर मला, तर मला' म्हणत राहिली. तारणाची विनवणी होती ती. आमच्या श्रद्धेचा सगळा गाभा त्या एका शब्दात आहे, आणि तो एका मात्रेने गेला. मला त्या दिवशी दुसऱ्यांदा रडू आलं.

फादर स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला माणूस, १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांमध्ये ख्रिस्ताची कथा लिहिली. १६१६ मध्ये ते 'ख्रिस्तपुराण' छापलं तेव्हा रोमन लिपीतच छापावं लागलं, कारण छापखान्यात आपल्या अक्षरांचे टाइपच नव्हते. ते टाइप पाडून मिळावेत अशी त्याची फार इच्छा होती, त्यासाठी त्याने रोमला पत्रसुद्धा लिहिलं होतं. आज प्रत्येक पोराच्या मोबाइलमध्ये देवनागरी कीबोर्ड आहे आणि आम्ही आपण होऊन चारशे वर्षं मागे जाऊन बसलोय.

कोणी म्हणेल देवाला सगळ्या भाषा कळतात, कशाला एवढं मनाला लावून घ्यायचं. देवाला कळतात हो, प्रश्न आपल्याला कळतं का हा आहे. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना हेच लिहिलं की मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभेत, न कळणाऱ्या भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा, दुसऱ्यांना शिकवता येईल असे समजून बोललेले पाच शब्द बरे. आणि पेन्टेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्मा आला तेव्हा जमलेल्या लोकांना एकच भाषा शिकवली नाही, पार्थी, मेदी, अरबी प्रत्येकाने आपापल्या जन्मभाषेत देवाची महत्कृत्यं ऐकली. चर्चची सुरुवातच तिथून आहे. 'शब्द देही झाला' हे आपण दर नाताळात वाचतो, म्हणजे देव एका गावात, एका आईच्या पोटी, एका बोलीत आला. मग मराठी माणसाकडे तो मराठीत का येऊ नये?

नारायण वामन टिळकांना हे कळलं होतं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी तुकोबांना टाकलं नाही, उलट ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो असं ते मानत. १९१९ ला जाईपर्यंत त्यांनी अभंग, पदं, भजनं लिहिली, ख्रिस्ताला माउली म्हटलं, गुरू म्हटलं. पेटी, टाळ, तबला, कीर्तन हे सगळं नगरच्या मंडळ्यांमध्ये असं रुजलं की माझी आजी, जिला अक्षरओळख नव्हती, दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची, तिला येशूला धरलं त्या गेथशेमाने बागेपासून रिकाम्या कबरेपर्यंतची सगळी कथा गीतांमधून पाठ होती. तिचं बायबलही तेच आणि धर्मशिक्षणही तेच. ज्या समाजाला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते त्या समाजातली बाई ओट्यावर बसून 'देव माझा बाप आहे' असं मोठ्याने आपल्या भाषेत म्हणायची, याची किंमत मी शब्दांत कशी सांगू.

आता जी गाणी आहेत ती वाईट आहेत असं मी म्हणत नाही, काही फार सुंदर आहेत, मीही गाते. पण बहुतेकांमध्ये विजय, आशीर्वाद, मी, माझं एवढंच. रडायला जागा नाही. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत किती स्तोत्रं आकांताची आहेत, बाविसावं तर 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' असंच सुरू होतं आणि येशूने वधस्तंभावर तेच उच्चारलं. ज्या मुलाची नोकरी गेलीय, ज्या मुलीला नीटमध्ये दुसऱ्यांदा कमी मार्क पडलेत, त्यांना रविवारी सकाळी ड्रमच्या तालावर नुसतं 'जिंकलो' म्हणायला लावलं तर ती दुःख घेऊन जाणार कुठे? जुन्या गीतांत पश्चात्ताप आहे, वाट बघणं आहे, मरण आहे आणि मरणापलीकडची आशा आहे. ती आशा कब्रस्तानात कामाला आली, हे मी बघितलंय.

दोष मुलांचा नाही. आमच्या पिढीने त्यांना इंग्लिश मीडियममध्ये घातलं, घरची संध्याकाळची प्रार्थना बंद पडू दिली, सण्डेस्कूलची पुस्तकंही इंग्लिश आणली. आणि आमच्यातले काही वडीलधारे गीत इतकं रेंगाळत म्हणतात की मूळ चाल हरवते, मग मुलं कंटाळणारच. उलट वसईकडे बघा, तिथल्या कॅथलिक चर्चेसमध्ये मराठीतून मिस्सा, म्हणजे उपासना, होतो आणि तिथलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मनात आणलं तर होतं.

आणि एक विनंती तुम्हाला. नवीन ऑफिसात माझं नाव ऐकलं की हमखास कोणीतरी विचारतं, 'तुम्ही घरी इंग्लिशच बोलत असाल ना?' यात तुमच्यासारख्या पेपरांचाही थोडा हात आहे, २५ डिसेंबरला सांताक्लॉज, केक आणि लाइटिंगचे फोटो येतात आणि संपलं. या नाताळात एक बातमीदार नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातल्या चर्चमध्ये पाठवा, पहाटेची भजनं ऐकायला लावा, एखादं टिळकांचं पद पूर्ण छापा.

आम्ही सध्या एवढंच केलंय की शनिवारी संध्याकाळी माझ्या घरी सहा-सात मुलं येतात. वडिलांची पेटी आहे, आत्या फोनवरून चाल सांगते. गीत मी वहीत देवनागरीत लिहून घ्यायला लावते, त्यात वेळ जातो पण जाऊ दे. परवा त्यातल्या एकीने, वर्शिप टीममध्ये माइकवर असते तीच, विचारलं, आंटी, तार म्हणजे नक्की काय? तासभर आम्ही त्या एका शब्दावर बोलत बसलो, गाणं राहूनच गेलं. या शनिवारी घेऊ.

आपली एक वाचक,
पिंपरी-चिंचवड
(कृपया नाव छापू नये.)