'रामा'चे शेवटचे पान

ठाणे,
दि. ९ ऑगस्ट

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची यादी मिळाली. १९६६ ते १९७५ या दहा वर्षांत विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत आलेल्या कादंबऱ्या तू वर्षवार लिहून काढल्यास, वाचलेल्यांपुढे लाल शाईने खुणा केल्यास आणि तळाशी '२९, आता तुझे सांग' असे आव्हानही दिलेस. दोन रात्री तीच यादी पुढ्यात घेऊन मी पेन्सिल चालवली आणि माझा आकडा २३ भरला. हार मान्य करण्याआधी मात्र तुझा हिशेब तपासणे मला भाग आहे.

रॉबर्ट हाइनलाइन यांची 'द मून इज अ हार्श मिस्ट्रेस' ही कादंबरी 'इफ' मासिकातून १९६५च्या डिसेंबरपासून क्रमशः येऊ लागली. दोन सालांच्या उंबरठ्यावर पडल्यामुळे ती १९६६ मध्येही नामांकित झाली आणि १९६७ मध्येही. पहिल्या खेपेस हरली, दुसऱ्या खेपेस जिंकली. तू दोन्ही ठिकाणी खूण केली आहेस. नामांकने मोजायची की पुस्तके, हे आपण आधी ठरवले नव्हते हे खरे, पण एकच पुस्तक एकदाच वाचून दोन गुण घेणे तुझ्यासारख्या गणिताच्या माणसाला शोभत नाही. तेव्हा तुझे २८.

आता माझा कबुलीजबाब. डॅनियल कीज यांच्या 'फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन'पुढे मी खूण केली खरी, पण मी वाचली आहे ती कथा. १९६०चा ह्यूगो मिळवणारी. कादंबरी त्याच कथेवरून वाढवून १९६६ मध्ये आली आणि पुढल्या वर्षी नामांकित झाली. वसतिगृहात असताना एका जाडजूड संग्रहात ती कथा मला सापडली, आणि तिचा मंदबुद्धी नायक चार्ली गॉर्डन याच्या त्या नोंदी मी एका बैठकीत संपवल्या. बुद्धी वाढवणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर त्याचे स्पेलिंग हळूहळू सुधारत जाते. विरामचिन्हांची ओळख झाल्यावर तर एका नोंदीत तो स्वल्पविराम आणि उद्गारचिन्हे मुठीने धान्य फेकावे तशी जिथेतिथे फेकतो. तिथे मी मोठ्याने हसलो होतो. शेवटाकडे तेच स्पेलिंग पुन्हा ढासळू लागते, तेव्हा त्या हसण्याची लाज वाटली. कादंबरीत चार्लीची आई आणि बहीणही येतात. त्यांना मी भेटलेलो नाही. म्हणून खूण खोडली. माझे २२.

येथवर फरक सहाचा सहाच राहिला आहे, आणि आता तू 'रामा'कडे बोट दाखवणार हे मला ठाऊक आहे.

आर्थर क्लार्क यांची 'राँदेव्हू विथ रामा', १९७४ची विजेती. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर घेतलेल्या माझ्या प्रतीत शेवटचे पान नव्हते, आणि विक्रेत्याने ते सांगितले नव्हते. ग्रीक-रोमन देवतांची नावे संपल्याने खगोलशास्त्रज्ञ हिंदू देवतांकडे वळतात आणि त्या अज्ञात पिंडाला 'रामा' म्हणतात. आपल्या डोळ्यांपुढे मात्र नाटकातला रामा गडीच उभा राहतो! ५० किलोमीटर लांबीचे ते पोकळ नळकांडे, त्याच्या आतल्या भिंतीवर गोल फिरलेला समुद्र, आणि हे सारे ज्यांनी घडवले त्यांचे एकदाही दर्शन नाही. सूर्याजवळून वेग घेऊन ते निघून जाते, माणसांची दखलही न घेता. माझ्या प्रतीपुरती कादंबरी तिथेच संपली, आणि मला तो शेवट फार आवडला. वर्षभराने दादरच्या पुलावर, गर्दीत धक्के खात, तू मला शेवटचे वाक्य सांगितलेस: रामाचे निर्माते सगळ्या गोष्टी तीन-तीन करतात. म्हणजे अजून दोन यायचे आहेत! त्या दिवशी माझी एक गाडी चुकली. ते पान मी आजवर छापील पाहिलेले नाही. पण तुझ्या तोंडून ऐकलेले ते पान मी वाचलेलेच धरतो, आणि ही खूण मी खोडणार नाही.

१९७० विषयी तुझी तक्रार जुनीच आहे. व्हॉनेगट यांची 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' हरावी हे तुला अजून पटत नाही. पण त्या वर्षी समोर अर्सुला ल ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' होती. जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद या पुरस्कारासाठी पसंतीक्रमाने मत देतात. मी सभासद असतो तर बर्फाच्या पठारावरून घसरगाडी ओढत जाणाऱ्या त्या दोघांना पहिली पसंती दिली असती आणि तुझ्या व्हॉनेगटना दुसरी. याहून अधिक सवलत मिळणार नाही.

दिवाळीत येशील तेव्हा 'अल्जरनॉन'ची कादंबरी घेऊन ये. 'रामा'ची तुझी प्रत मात्र आणू नकोस.

तुझा,
अविनाश