‘पॉवरसेव्ह’ हा शब्द जपून छापावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या तंत्रज्ञानाच्या सदरात लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांसाठी एक सल्ला आला आहे. लॅपटॉपची बॅटरी पुरत नसेल तर प्रोसेसरचा वेग ठरवणारा ‘गव्हर्नर’ ‘पॉवरसेव्ह’ करून टाका, टर्मिनलमध्ये एक ओळ लिहिली की काम झालं, असा. लेखकाच्या हेतूबद्दल शंका नाही. पण हाच सल्ला मी काही वर्षांपूर्वी दुसरीकडे वाचून मानला होता आणि पुढे दोन महिने माझ्याच लॅपटॉपला शिव्या देत बसले होते. मी निवृत्त मुद्रितशोधक आहे. चुकीचा शब्द छापला गेला की तो मला लांबूनही टोचतो. इथे शब्द बरोबर आहे, पण त्याचे अर्थ दोन आहेत आणि सदरात त्यांतला एकच धरला आहे.

माझा लॅपटॉप जुना, कोअर टू ड्युओ जातीचा, दोन गिगाहर्ट्झचा. निवृत्तीनंतरही ओळखीच्या लोकांची पुस्तकं तपासून देते, तेव्हा तीन-चारशे पानांची पीडीएफ उघडून त्यावर खुणा करणं एवढंच त्याच्याकडून काम. ते तो वर्षानुवर्षं निमूट करत होता. मग एके दिवशी पान उलटलं की आधी नुसता पांढरा चौकोन दिसायचा आणि अक्षरं मागून यायची. रायटर या लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये वेलांटी दिली तर ती पडद्यावर उमटेपर्यंत मी पुढचं अक्षर दाबलेलं असायचं. मला वाटलं हार्ड डिस्क संपली. ती बदलली. मग वाटलं मेमरी कमी पडतेय. ब्राउझर काढून पुन्हा टाकला. शेवटी सगळी सिस्टिम नव्याने टाकावी म्हणून जुन्या फाइली बाजूला काढत होते, तेव्हा यंत्र सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मला माझ्याच हातची एक ओळ सापडली. दर वेळी गव्हर्नर ‘पॉवरसेव्ह’वर नेणारी. लिहिली आणि विसरून गेले होते.

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रोसेसरचा चालू वेग एका छोट्या फाइलीत दाखवतो, किलोहर्ट्झमध्ये. मी ती उघडली तर आत ८००००० असा आकडा. थोड्या वेळाने पुन्हा उघडली, तोच. मोठी पीडीएफ उघडता उघडता पाहिलं, तरी तोच. कमाल वेगाच्या फाइलीत मात्र २०००००० लिहिलेलं होतं. म्हणजे दोन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर मी दोन महिने ८०० मेगाहर्ट्झवर बांधून ठेवला होता. स्क्रिप्टमधली ती ओळ पुसली, यंत्र पुन्हा सुरू केलं, पानं धाडधाड उलटू लागली. नवी हार्ड डिस्क विनाकारण आली ती आलीच.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग ‘पॉवरसेव्ह’ वाईट, ते नकोच. मीही तेव्हा हेच म्हटलं आणि दुसरी चूक केली. भाच्याने नवा लॅपटॉप घेतला, इंटेल कोअर आय-फाइव्हचा, त्यावर लिनक्स टाकलं. मी आपली सवयीने गव्हर्नरची फाइल उघडून पाहिली. तिथे ‘पॉवरसेव्ह’! कोणी काही केलेलं नसताना, मुळातूनच. एकदा पोळलेली मी, लगेच ते ‘परफॉर्मन्स’ करून ठेवलं आणि त्याला सांगितलंसुद्धा नाही. दोनच दिवसांत विचारणा झाली: “मावशी, काय केलंस तू? साधं पान उघडलं तरी पंखा घोंघावतोय.”

तेव्हा कुठे मी कर्नलसोबत येणारी माहिती नीट वाचली. गव्हर्नर म्हणजे प्रोसेसरने कोणत्या घटकेला किती वेगाने चालायचं हे ठरवणारा नियम; पण त्या नियमाची अंमलबजावणी खालचा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमधला प्रोसेसर हाताळणारा भाग, करतो. जुन्या यंत्रांवर असतो तो एसीपीआय-सीपीयूफ्रेक हा ड्रायव्हर. त्याच्याकडे ‘पॉवरसेव्ह’ म्हणजे शब्दशः किमान वेग, काम कितीही असो. इंटेलच्या सँडी ब्रिज या पिढीच्या आणि नंतरच्या प्रोसेसरांसाठी २०१३ साली, कर्नल ३.९ मध्ये, इंटेल-पीस्टेट नावाचा वेगळा ड्रायव्हर आला. तो सक्रिय पद्धतीत, म्हणजे वेगाचा निर्णय स्वतःकडे ठेवून, चालत असला की दोनच नावं दाखवतो, ‘परफॉर्मन्स’ आणि ‘पॉवरसेव्ह’. आणि त्याचा ‘पॉवरसेव्ह’ काम वाढलं की वेग वाढवतो, काम सरलं की उतरवतो. नाव जुनं, वागणं निराळं. एएमडीच्या नव्या प्रोसेसरांसाठी एएमडी-पीस्टेट आहे, २०२२ च्या कर्नल ५.१७ पासून, तोही सक्रिय पद्धतीत हेच दोन शब्द याच अर्थाने वापरतो. कोशात एका शब्दाला दोन अर्थ असले तर आपण १ आणि २ असे आकडे घालतो. इथे कोणीच घातलेले नाहीत.

म्हणून आपल्या सदराचा सल्ला नव्या इंटेल लॅपटॉपवर बहुधा निरुपयोगी आहे, कारण तिथे ते आधीच तसं असतं. आणि माझ्यासारख्यांच्या जुन्या यंत्रावर तो त्रासदायक. ज्यांना बॅटरीची सर्वांत जास्त काळजी, ते बहुतेक जुनीच यंत्रं वापरत असतात, हे लक्षात घ्यावं.

बरं, किमान वेगावर बांधून बॅटरी तरी वाचते का? प्रोसेसर चालताना लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे खरी बचत व्होल्टेज उतरण्यात आहे. एका मर्यादेखाली व्होल्टेज उतरत नाही. तिथून पुढे नुसता वेग कमी केला की तेच काम रेंगाळतं आणि तेवढा वेळ पडदा, मेमरी, डिस्क सगळं जागं राहतं. उलट काम झटपट उरकलं तर प्रोसेसर ‘सी-स्टेट’ म्हणतात त्या झोपेत जातो, आणि गाढ झोपेत त्याला वीज फारच थोडी लागते. अर्थात सतत कमाल वेग धरला तर व्होल्टेजही वर चढतं, म्हणून ‘परफॉर्मन्स’ हेही उत्तर नव्हे. (‘परफॉर्मन्स’वरही रिकामा प्रोसेसर झोपतोच, हे मात्र त्याच्या निंदकांनी ध्यानात ठेवावं.) मी पॉवरटॉप हे साधन लावून बॅटरीतून किती वॉट जाताहेत ते पाहिलं. माझ्या यंत्रावर नुसतं वाचत असताना गव्हर्नर बदलून आकडा दशांशात हलतो. पडद्याचा उजेड अर्ध्यावर आणला की तो ढळढळीत खाली येतो. सदरात पडद्याचा उल्लेखच नाही!

खरा मुद्दा मूळ सेटिंगचा आहे. बहुतेक लोक ही फाइल जन्मात उघडणार नाहीत, आणि त्यांनी का उघडावी? त्यांच्यासाठी जे ठरवायचं ते कर्नल बांधणाऱ्याने आणि वितरण (उबुंटूसारखा लिनक्सचा तयार संच) बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. त्या लोकांनी यावर बराच खल केलेला दिसतो. उबुंटूच्या जुन्या आवृत्त्यांत यंत्र सुरू होताना गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’ असे आणि एक स्क्रिप्ट ६० सेकंद थांबून मगच तो ‘ऑनडिमांड’वर, म्हणजे कामाप्रमाणे वेग बदलणाऱ्या गव्हर्नरवर, आणत असे. डेस्कटॉपवर प्रवेश व्हायला एवढा वेळ बहुधा पुरेल, अशी टीप त्या ओळीशेजारीच होती. मला ती टीप फार आवडली. सुरू होताना घाई करा, माणूस टेकला की शांत व्हा. २०१६ च्या कर्नल ४.७ मध्ये ‘शेड्युटिल’ हा गव्हर्नर आला. कामांची वाटणी करणाऱ्या शेड्युलरलाच तो विचारतो की भार किती आहे. माझ्या जुन्या यंत्रावर आज तोच आहे आणि तो मी बसवलेला नाही, वितरणाबरोबर आला.

भाच्याच्या लॅपटॉपवर मी माझा बदल मागे घेतला. त्याच्या डेस्कटॉपवर बॅटरीच्या चिन्हाखाली तीन पर्याय आहेत: बचत, संतुलित, कामगिरी. नव्या प्रोसेसरवर ते मुख्यतः ‘वेगाकडे झुकायचं की बचतीकडे’ एवढी सूचना प्रोसेसरला देतात, बाकीचं तो स्वतः बघतो. मूळचा पर्याय संतुलित. प्रवासात बॅटरी उतरत आली की तो बचतीवर नेतो, परत आणतो. हे त्याला मला शिकवावं लागलं नाही. फक्त टीएलपीसारखं बॅटरी वाचवणारं दुसरं साधनही सोबत बसवू नये, दोघं एकमेकांनी लिहिलेलं खोडत बसतात.

तेव्हा सदरलेखकांना विनंती अशी की पुढच्या वेळी आज्ञेच्या आधी ड्रायव्हर कोणता आहे ते पाहायला सांगावं (गव्हर्नरच्या शेजारच्याच फाइलीत त्याचं नाव असतं), आणि केलेला बदल मागे कसा घ्यायचा तेही छापावं. वितरणवाल्यांकडेही एक मागणं आहे, ते मराठी वर्तमानपत्र वाचत असतील तर: गव्हर्नर सतत किमान वेगावर अडकलेला असेल तर डेस्कटॉपवर कुठेतरी तसं लिहून दाखवा. माझी हार्ड डिस्क वाचली असती.

आपली,
एक वाचक (निवृत्त मुद्रितशोधक)

ता. क. – छापलेल्या आज्ञेत एक मुद्रणदोष आहे. ‘गव्हर्नर’ या शब्दाआधी दोन छोट्या आडव्या रेघा हव्यात. पान लावताना त्यांची मिळून एक लांब रेघ झाली आहे, त्यामुळे ती ओळ आहे तशी टंकली तर चालणारच नाही. एरवी मी शुद्धिपत्र मागितलं असतं. या खेपेस कृपया छापू नये.