पिशवीचा आकडा आहे, अंडाशयांचा कुठाय?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

दर सोमवारी सकाळी मी उंदीर तोलते. माझं काम इस्ट्रोजेनवर आहे. अंडाशयातून निघणारं हे संप्रेरक चरबीच्या आणि यकृताच्या पेशींना काय सांगतं, आणि ते सांगणं थांबलं की शरीराचा साखरेचा हिशेब कसा बिघडतो, हे मी शोधते. त्यासाठी आठ आठवड्यांच्या माद्यांची अंडाशयं काढावी लागतात. पाठीवर छोटा छेद द्यायचा, चरबीच्या गादीत दडलेलं, मोहरीपेक्षा जरा मोठं अंडाशय बाहेर घ्यायचं, टाके घालायचे. निम्म्या माद्यांना नुसता छेद देऊन अंडाशय जागच्या जागी ठेवतो. तुलनेला त्या लागतात.

प्रत्येक मादीमागे कागद असतो. प्राणी नीतिमत्ता समितीकडे बी फॉर्म भरावा लागतो. त्यात किती माद्या, कशासाठी, दुसरा मार्ग का चालणार नाही, भूल कोणती, वेदनाशामक किती दिवस, पुढे काय मोजणार, सगळं लिहायचं. पिंजऱ्याला चिठ्ठी असते. अंडाशय काढलं की ठेवलं, तारीख, सही. चिठ्ठी हरवली तर ती मादी प्रयोगातून बाद.

हे आपल्याला सांगायचं कारण माझी मावशी.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यात. मावशी आणि काका वीसेक हंगाम एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, म्हणून ऊसतोडीला गेले. एकतिसाव्या वर्षी अंगावरून जास्त जायला लागलं म्हणून मावशी तालुक्याच्या खासगी दवाखान्यात गेली आणि आठवड्याने पिशवी काढून घरी आली. पैसे मुकादमाकडून उचल म्हणून घेतले, पुढच्या हंगामात फेडले. आज ती सत्तेचाळीस वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यात ओट्यावरून घसरली. उंची असेल गुडघाभर. तेवढ्यात मनगट मोडलं. प्लास्टरसाठी नेलं तिथे रक्तातली साखर दोनशे चाळीसच्या पुढे निघाली. मावशीचं वजन आहे शेहेचाळीस किलो.

मी तिचं जुनं कार्ड मागितलं. रेशनकार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं होतं, घड्यांवर फाटलेलं. वर दवाखान्याचं नाव ठळक, खाली गणपती, मध्ये इंग्रजीत एकच ओळ. टीएएच, मग अधिकचं चिन्ह, मग बीएसओ. म्हणजे गर्भाशय काढलं, आणि दोन्ही बीजवाहिन्या आणि दोन्ही अंडाशयंही काढली. का काढली, ते कुठेच नाही.

"मावशी, तुझ्या ओव्हरीज पण काढल्यात, सांगितलं होतं का?"

"ते काय असतंय? पिशवी काढली की. डॉक्टर म्हनला ठिवली तर क्यान्सर व्हईल."

सोळा वर्षं तिच्या अंगाची लाही होते, रात्री झोप लागत नाही, सांधे धरतात. गावातल्या बायका म्हणतात पिशवी काढली की असं होतंच. खरं तर नुसती पिशवी काढल्याने असं होत नाही. हे अंडाशयं गेल्याचं आहे. पण 'पिशवी' या एका शब्दात दोन्ही ऑपरेशनं मिसळून गेली आहेत. ती बाईच्या बोलण्यात मिसळली याचं मला नवल वाटत नाही. सरकारच्या बोलण्यातही तेच झालंय, हे खटकतं.

2019 मध्ये नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीडचा प्रश्न तपासला. 82,309 ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे सहांतल्या एकीचं. देशभरात 15 ते 49 वयोगटात हे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार 3.3 टक्के आहे. त्यानंतर जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक ऑपरेशनं रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं. हे सगळं पुढच्या ऑपरेशनांबद्दल झालं आणि ते हवंच होतं. ज्यांचं होऊन गेलं त्या तेरा हजार आठशे एकसष्ट जणींचं काय? त्यांतल्या कितीजणींची अंडाशयं शाबूत आहेत? मी वाचलेल्या प्रत्येक बातमीत, प्रत्येक भाषणात आकडा पिशवीचाच होता.

महोदय, अंडाशय म्हणजे मूल होण्यापुरता अवयव अशी समजूत शास्त्रज्ञांमध्येही बराच काळ होती. 1993 मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या केनेथ कोराक, डेनिस लुबान आणि ऑलिव्हर स्मिथीज यांच्या गटाने असे उंदीर तयार केले ज्यांच्यात इस्ट्रोजेनचा ग्राहीच काम करत नव्हता. ग्राही म्हणजे पेशीतलं ते प्रथिन जे संप्रेरकाचा निरोप घेतं आणि थेट डीएनएवर जाऊन पेशीला कामाला लावतं. त्याच्याविना गर्भ जगणारच नाही असं अनेकांना वाटत होतं. पिल्लं जन्मली. वांझ निघाली, ते अपेक्षितच होतं. पण पुढे ती लठ्ठही झाली, माद्याच नव्हे, नरसुद्धा.

पुढच्याच वर्षी एक माणूस सापडला. अठ्ठावीस वर्षांचा पुरुष, उंची 204 सेंटिमीटर आणि अजून वाढतच होता, कारण हाडांची टोकं पक्की झालेली नव्हती. हाडं विरळ, गुडघे आत वळलेले, रक्तात इन्सुलिन वाढलेलं. इस्ट्रोजेन मुबलक होतं, ग्राहीचं जनुक मात्र बिघडलेलं. इस्ट्रोजेनचे पॅच लावून पाहिले, फरक पडला नाही. निरोप येत होता, घेणारं कोणी नव्हतं. पुरुषालाही हाडांसाठी आणि साखरेसाठी इस्ट्रोजेन लागतं हे माणसात असं पहिल्यांदा दिसलं.

मावशीचं नेमकं उलटं आहे. तिच्या हाडांत, यकृतात, चरबीत, मेंदूत निरोप घेणारे सगळे जागेवर बसलेत. एकतिसाव्या वर्षी एका दुपारी निरोप येणं बंद झालं. नैसर्गिक पाळी जाते तेव्हा अंडाशय काही वर्षं मागेपुढे करत थांबतं, इथे ती सवलत नसते. हाड खाणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो, तो सुटतो आणि हाडाची आतली जाळी विरायला लागते. यकृत रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल पूर्वीइतकं उचलत नाही. मांड्यांवर बसणारी चरबी पोटात बसते, आणि इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. माझ्या उंदरांत हे दोन-तीन महिन्यांत दिसतं. खाणं तेच, तरी वजनाची रेघ वर. शेपटीच्या टोकातून घेतलेल्या थेंबात साखर लवकर उतरत नाही. गर्भाशय सुकून दोऱ्याएवढं होतं. त्यांच्यातल्याच ज्या माद्यांना कातडीखाली इस्ट्राडिओल, म्हणजे इस्ट्रोजेनच, दिलेलं असतं, त्यांचं यातलं बहुतेक काही होत नाही. हे शेवटचं वाक्य कृपया दोनदा वाचावं.

शेहेचाळीस किलोच्या बाईला मधुमेह कसा, असं मला त्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने विचारलं. उत्तर पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बाया आणि त्यांची बाळं पाहिली. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू, चरबी जवळजवळ तेवढीच. वरून बारीक, आतून चरबीचे, असे आपण जन्मतःच. अशा शरीरातून तिशीत इस्ट्रोजेन काढून घ्यायचं आणि वर वर्षातले सहा महिने उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहायला लावायच्या, हा प्रयोग कुठलीही नीतिमत्ता समिती मला करू देणार नाही.

बाईतही हे तपासलेलं आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं की पंचेचाळिशीआधी दोन्ही अंडाशयं काढलेल्या आणि नंतर इस्ट्रोजेन न मिळालेल्या बायकांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. म्हणूनच अशा बायकांना, स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्यांसारखा अडथळा नसेल तर, पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं असं जगभरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. गर्भाशय नसल्याने दुसरं संप्रेरक जोडायची गरजही नसते. एक गोळी किंवा जेल पुरतं. आपल्याकडे डॉक्टर बिचकतात ते 2002 मध्ये अमेरिकेत धोका दिसला म्हणून थांबवलेल्या, संप्रेरकांच्या मोठ्या चाचणीमुळे. पण त्या चाचणीतल्या बायका सरासरी त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि दोन संप्रेरकं एकत्र घेत होत्या. त्रेसष्टच्या बाईचा निष्कर्ष एकतिसच्या बाईला लावायचा, तोही तिला न विचारता?

अंडाशय काढणं नेहमीच चूक असतं असं मी म्हणत नाही. गाठ असते, घरात कर्करोगाचा वारसा असतो. पण मग ते कारण कार्डावर यायला काय हरकत आहे?

दसरा झाला की टोळ्या निघतील. हंगामाआधी आणि परतल्यावर महिलांची तपासणी करायची पद्धत बीडमध्ये सुरू झाली आहे, ती चांगली आहे. त्या तपासणीच्या फॉर्मवर पिशवी काढली का, याच्या खाली एक प्रश्न वाढवा: अंडाशयं आहेत का. बाईला सांगता येणार नाही आणि कार्ड सगळ्यांकडे नसेल. पिशवी नसलेल्या बाईची पाळी बंदच असते, त्यामुळे अंडाशय थांबलं की नाही हे तिला कधीच कळत नाही. ते एफएसएच नावाच्या रक्त तपासणीत कळतं. अंडाशय थांबलं की रक्तात हे एफएसएच नावाचं संप्रेरक चढतं. नमुना ग्रामीण रुग्णालयात घेता येतो. ठेवलेली अंडाशयंही काही बायकांत लवकर थकतात, तेही यातच सापडेल. ज्यांचं एफएसएच चढलेलं आणि वय पंचेचाळीसच्या आत, त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवायचं, साखर, रक्तदाब आणि हाडं तपासायची, आणि इस्ट्राडिओल उपजिल्हा रुग्णालयाच्या औषधभांडारात ठेवायचं. अंबाजोगाईला आपलं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईत परळला आयसीएमआरची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आहे. या बायकांना दहा वर्षं सलग पाहायचं म्हटलं तर माणसं राज्यातच आहेत. माझ्या प्रयोगशाळेत संप्रेरकं मोजायचं यंत्र आहे, ते उंदरांसाठी दिवसातले सहा तास चालतं. उरलेल्या वेळात बायकांचे नमुने मोजायला मी बसेन.

मावशीला इस्ट्रोजेन आता द्यावं की नाही, याचा निर्णय तिचे डॉक्टर घेतील. सोळा वर्षं उलटली आहेत, हिशेब बदललाय. तिचं कार्ड मी परत त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं. तिने विचारलं, "काय लिव्हलंय त्यात?" मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग आदी विचाराचं तरी."

डिस्चार्ज कार्डावर सक्तीने छापायची ओळ मी मराठीत लिहून देते. डावं अंडाशय: ठेवलं / काढलं. उजवं अंडाशय: ठेवलं / काढलं. काढलं असल्यास कारण. रुग्णाला सांगितलं: हो / नाही. सही. मावशीच्या कार्डावर गणपतीच्या खाली चार बोटं जागा कोरी आहे. त्यात मावते.

आपली,
बीड जिल्ह्यातली एक संशोधक