आजीच्या खानावळीवरून

लंडन, रविवार

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. मेतकुटाची पुडी मात्र वाटेत फुटली, आता माझ्या सगळ्या कपड्यांना लालबागचा वास येतोय.

आम्ही पाच जण एका घरात राहतो, तीन मुली, दोन मुलगे (हे आईला सांगू नकोस). परवा जेवताना जोरात वाद झाला. एकाने अनविन नावाच्या इंग्रज अभ्यासकाचा दाखला काढला. या गृहस्थाने १९३४ साली ८० आदिवासी समाजांची माहिती ताडून सांगितलं की स्त्री-पुरुष संबंधांवर समाज जितका लगाम घालतो, तितकी त्याची संस्कृती चढत जाते. दाबलेली ताकद मोठ्या कामांना लागते.

मला आजीची खानावळ आठवली. दहा बाय बाराची खोली, आजोबा रात्रपाळीला, आणि पाटावर गिरणीतले बारा मेंबर. सगळ्यांच्या बायका कोकणात, मनीऑर्डरीवर. तरी आजी निर्धास्त वाढायची, कारण सगळे तिला वहिनी म्हणायचे. त्या एका शब्दाने दार लावून घेतलं होतं, म्हणून तर खोलीचं दार उघडं ठेवता यायचं. पगार होईपर्यंत उधारी चालायची, कुणी आजारी पडला तर पेज खोलीवर पोचायची. यात कुणाची ताकद दाबून देऊळ उभं राहिलं असं मला वाटत नाही. कोण कुणाकडे कसं बघणार हे आधीच ठरलेलं होतं, म्हणून अनोळखी माणसं एका ताटलीपाशी बसू शकली, एवढंच.

पण हे ठरवलं कुणी, आणि त्याचा पहारा कुणावर? बारा पुरुषांवर नव्हे. तुला दिवे लागल्यावर गॅलरीत उभं राहायची बंदी होती, हे तूच सांगितलंस. शेजारच्या विधवा काकू कुणाशी तरी हसून बोलल्या, तर मजल्यावरच्या बायकांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

त्याच १९३४ साली आपल्या मुंबईत र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ या त्यांच्या मासिकातल्या मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला चालला. त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. हरले. लोकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना छापून उत्तरं दिली, हा गुन्हा! संतती हवी की नको हे बाईला ठरवता यावं असं म्हणणाऱ्या माणसाला संस्कृतीचा शत्रू ठरवायचं, आणि पहाऱ्याला संस्कृती म्हणायचं. हे मी टेबलावर बोलले तेव्हा आवाज जरा चढलाच.

इथे वहिनी नाही, दादा नाही. फ्रिजवर भांड्यांच्या पाळीचा कागद आहे, आणि नाही म्हटलं की नाही. त्यावरही घर चालतं गं. फक्त ताप आला तेव्हा पेज कुणी आणली नाही, कागदावर ती नव्हती.

एक राहिलं. आजीने एका मेंबरचं पान कायमचं बंद केलं होतं, गिरण्यांच्या संपाच्या आधी कधीतरी. तो काय बोलला होता? तू दर वेळी विषय बदलतेस. पत्रातच लिही, घरच्या ग्रुपवर नको.

तुझी,
चिमी