नाचणी बारा तारखेला पेर

नागासाकी
30 नोव्हेंबर 2025
आगमनकाळाचा पहिला रविवार

प्रिय बाय,

काल रात्री तू फोन मध्येच ठेवलास. तू न जेवताच झोपलीस, हे पपांनी नंतर सांगितलं. आज माझी सुट्टी आहे. सकाळी मिस्साला जाऊन आले, कपडे वाळत घातले आणि लिहायला बसले. फोनवर तुझा आवाज चढतो, मला रडू आवरत नाही आणि सांगायचं तेच राहून जातं. म्हणून कागदावर लिहिते आहे. फोटो काढून आजच पाठवते, कागद मागाहून टपालाने येईल. तो जपून ठेव.

तुला राग दोन गोष्टींचा आला आहे. सलग दुसऱ्या नाताळला मी घरी नाही, ही एक. आणि 24 च्या रात्रपाळीला मी स्वतःहून नाव दिलं हे तुला पपांकडून कळलं, ही दुसरी. त्यावर तू म्हणालीस, "तुलाच नाताळची पडलेली नाही, तर मी तरी बाळ येशूचा गोठा कशाला करू?" बाय, रात्रभर हेच डोक्यात घोळत होतं.

पहिल्या गोष्टीचं आधी सांगून टाकते. इथे 25 डिसेंबरला सुट्टी नसते. बँका, कचेऱ्या, टपाल सगळं चालू. रोषणाई मात्र नोव्हेंबरपासूनच दिसू लागते. दुकानांत पांढऱ्या क्रीमचे आणि वर लालभडक स्ट्रॉबेऱ्या लावलेले केक मांडतात. केंटकीच्या कंपनीने 1974 पासून अशी जाहिरात केली की तळलेलं चिकन हेच इथे नाताळचं जेवण होऊन बसलं. लोक आधी नोंदणी करून रांगेत उभे राहतात. आणि 25 ची रात्र सरली की सगळं उतरतं. गेल्या वर्षी 26 च्या सकाळी मी कामाला निघाले तर आदल्या दिवशी जिथे झाड उभं होतं, त्याच दुकानाच्या दारात बांबू आणि पाइनच्या फांद्या लागल्या होत्या, नव्या वर्षासाठी. घरी जायचा त्यांचा सण तो. त्या दिवसांत जपानी सहकारी आपापल्या गावी जातात आणि आजी-आजोबांकडे बघायला आम्ही उरतो, मी आणि नेपाळ, म्यानमार, व्हिएतनामच्या मुली. मी रजेचा अर्ज केला होता. डिसेंबरची नाही मिळाली, मार्चची मिळाली. तिकीट काढलं आहे, तुझी परीक्षा संपते त्या आठवड्याचं.

आणि "आम्हालाच तिकडे ने ना" म्हणतेस त्याचं. ज्या व्हिसावर मी आले आहे त्यावर कुटुंब आणता येत नाही. तीन वर्षं काम झालं की इथल्या सरकारची कैगो फुकुशिशीची, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्यांची परीक्षा देता येते. ती पास झाले तर व्हिसा बदलेल. रोज रात्री एक तास मी त्याचाच अभ्यास करते. याहून जास्त आज कबूल करत नाही. आधी पास होऊ दे.

आता रात्रपाळीचं. हे तुला मी पूर्वीच सांगायला हवं होतं.

माझ्या मजल्यावर एक आजी आहेत. नाव लिहीत नाही, तसा नियम आहे आणि तो योग्यच आहे. वय 88. या उराकामी भागातल्याच. आपल्या आजीसारख्याच बारीक, केस पांढरेशुभ्र. आठवण आता राहत नाही. सकाळचा नाश्ता दुपारी आठवत नाही, मुलीला कधी बहीण समजतात. पाणीसुद्धा ठसका लागून श्वासात जायची भीती, म्हणून चहात तोरोमी, म्हणजे दाट करायची पूड घालून तो पातळ खिमटीसारखा दाट करायचा आणि चमच्याने भरवायचा. एक चमचा दिला की गळ्याकडे बघायचं. घोट खाली गेला की दुसरा. अर्धा पेला चहा पाजायला वीस मिनिटं लागतात. पण संध्याकाळी देवळाची घंटा झाली की त्यांचा उजवा हात आपोआप कपाळाकडे जातो. रोझरीचा एक मणी त्यांच्याकडून कधी चुकत नाही. त्या जपानीत म्हणतात, मी शेजारी बसून मराठीत. 'आमेन'ला दोघींचं एक होतं.

गेल्या वर्षी 24 ला दुपारी आमच्याकडे कार्यक्रम झाला. कोणी सांताचा वेश घातला, सगळ्यांना मऊ मूस केक भरवला. मी पाच वाजता सुटले आणि रात्री उराकामीच्या देवळात मिस्साला गेले. दुसऱ्या दिवशी रात्रपाळीची मुलगी म्हणाली, त्या आजी पहाटे दोनपर्यंत पलंगावर बसून होत्या. सारख्या विचारत होत्या, "घंटा झाली का? घंटा झाली का?" ती मुलगी चांगली आहे, पण तिला काही कळेना. तिने रात्र झाली आहे, झोपा, असं समजावलं. त्या रडत झोपल्या.

का विचारत होत्या ते मला त्यांच्या मुलीने सांगितलं. 9 ऑगस्ट 1945 ला सकाळी 11 वाजून 2 मिनिटांनी बाँब पडला तो या उराकामीवर. देवळापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. तेव्हा या देवळाच्या धर्मग्रामात सुमारे 12,000 माणसं होती, त्यांतली साडेआठ हजार गेली. या आजी आठ वर्षांच्या, दूर मामाच्या गावी पाठवलेल्या, म्हणून वाचल्या. आई गेली. देवळाला दोन मनोरे होते आणि दोन घंटा. एक फुटली, दुसरी ढिगाऱ्याखाली धड सापडली. लोकांनी ती उकरून काढली, ओंडक्यांना टांगली आणि त्याच वर्षीच्या नाताळच्या आदल्या रात्री वाजवली. ना छप्पर, ना दिवे, राखेतलं गाव, आणि त्यात ती घंटा. मामाने त्यांना खांद्यावर घेऊन आणलं होतं. त्यांच्या डोक्यातलं बाकी सगळं पुसलं जातंय, ही एक रात्र तेवढी राहिली आहे.

म्हणून नाव दिलं, बाय. घरी येणं तसंही होणार नव्हतं. मी सोडते आहे ती माझी मध्यरात्रीची मिस्सा, आणि ती सोडताना मला जड जातंय. पण त्या रात्री त्यांनी घंटेचं विचारलं तर "हो आजी, झाली" असं म्हणणारं आणि पुढची प्रार्थना ठाऊक असलेलं कोणीतरी तिथे हवं. यंदा तर दोन घंटा वाजतील. फुटलेलीच्या जागी अमेरिकेतल्या कॅथलिक लोकांनी वर्गणी काढून नवी दिली. या 9 ऑगस्टला, 80 वर्षांनी, दोन्ही एकत्र वाजल्या. मी आजींना चाकांच्या खुर्चीतून खिडकीपाशी नेलं होतं. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटांचे वळ उठले.

तुला आणखी एक सांगायचं आहे, ऐकून तुलाही माझ्यासारखंच होईल. इथे पूर्वी नाताळला काय म्हणत माहीत आहे? नातारा! पोर्तुगीजांनी आपल्याकडे दिलेला तोच शब्द. जपान्यांचा 'पान' म्हणजे आपला पाव. 1614 मध्ये इथे धर्मावर बंदी आली आणि ती उठली 1873 मध्ये. मधली अडीचशे वर्षं या लोकांकडे फादर नव्हते, पुस्तक नव्हतं. घरातली मोठी माणसं मुलांना प्रार्थना तोंडपाठ करवून घेत. त्यांना ओराशो म्हणतात. अर्थ विसरला तरी शब्द टिकवले. 1865 मध्ये ओउराच्या नव्या देवळात उराकामीची काही माणसं भीत भीत आली आणि फ्रेंच फादरना हळूच म्हणाली, आमचं मन तुमच्यासारखंच आहे. सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? त्याबद्दल पुढे त्यांना काय भोगावं लागलं! उराकामीच्या 3,000 हून अधिक लोकांना हद्दपार केलं, 600 च्या वर मेले. उरलेले परत आले तेव्हा, जिथे त्यांना दरवर्षी पवित्र चित्रावर पाय द्यायला लावत त्या मुखियाच्या वाड्याची जागा त्यांनी विकत घेतली आणि तिथेच देऊळ बांधलं. मी ज्या देवळात जाते ते याच जागेवर, बाँबनंतर पुन्हा उभं केलेलं. हद्दपारीला ते 'ताबी' म्हणतात. ताबी म्हणजे प्रवास. आमच्या आजींची पणजी त्या ताबीला गेली होती.

आपल्या आजीलाही वाचता येत नाही, तरी साऱ्या प्रार्थना पाठ आहेत. तू तिच्याजवळ बसून किती शिकलीस? एवढंच विचारते, रागावत नाही.

आणि आपले गोन्सालो गार्सिया. तू अकरावीला ज्या कॉलेजात जायचं म्हणतेस, त्याच्या पाटीवर त्यांचं नाव आहे. सणाला आपण किल्ल्यात जातो, पण इथे येईपर्यंत ते माझ्यासाठी वेदीवरचे संत होते. वसईत जन्मलेला मुलगा, बाप पोर्तुगीज, आई आपल्या मातीतली. इथे आला, भाषा शिकला, इतकी चांगली की 1593 मध्ये फ्रान्सिस्कन फादर मनिलाहून आले ते त्यालाच दुभाष्या म्हणून घेऊन. 1596 च्या डिसेंबरात त्यांना पकडलं. म्हणजे त्यांचा शेवटचा नाताळ पहाऱ्यात गेला. मग क्योतोत कान कापून, भर थंडीत, जवळपास 800 किलोमीटर चालवत इथे आणलं आणि 5 फेब्रुवारी 1597 ला निशिझाकाच्या टेकडीवर 26 जणांना क्रुसावर दिलं. वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक आपला. सगळ्यात लहान मुलगा बारा वर्षांचा, तुझ्याहून तीन वर्षांनी लहान.

ही टेकडी नागासाकी स्टेशनवरून चालत पाच मिनिटांवर आहे. या 5 फेब्रुवारीला मी गेले होते. भिंतीवर 26 ब्राँझच्या मूर्ती रांगेत आहेत, पाय जमिनीला न टेकलेले, वर जात असल्यासारखे. वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. एक म्हातारे गृहस्थ फुलं ठेवत होते. मी माझ्या मोडक्या जपानीत म्हणाले, यांतला एक माझ्या गावचा. त्यांनी टोपी काढली आणि मला वाकून नमस्कार केला. मला! मी तिथेच हुंदके देत उभी राहिले. 38 व्या वर्षी ही भाषा शिकताना मी तुझ्यासमोर किती वेळा वही मिटून म्हणाले असेन, नाही जमणार. माझ्या गावच्या माणसाने हीच भाषा चारशे वर्षांपूर्वी शिकली होती.

आता गोठा. तो तू करायचास. आजीला यंदा गुडघ्यामुळे वाकता येणार नाही, पपांना शेतातून वेळ नाही, धाकट्याला फक्त दिवे लावायचे असतात. गोठ्यातल्या हिरवळीसाठी नाचणी 11 ला रात्री भिजत घाल, 12 ला पेर. मागच्या पडवीत दोन पत्र्याची ताटं आहेत, तळाला भोकं असलेली. माती चाळून घे, खत नको. पहिले दोन दिवस ओल्या गोणपाटाने झाक, मग सकाळच्या उन्हात ठेव. पाणी हाताने शिंपड, तांब्याने ओतलंस तर सगळं एका कोपऱ्यात वाहून जातं. 24 पर्यंत बोटभर हिरवं होईल. मूर्ती माझ्या कपाटात खालच्या खणात, जुन्या साडीत गुंडाळल्या आहेत. मेंढराचा एक कान तुटला आहे, तो तू तीन वर्षांची असताना तोडलास. त्याला पुढे ठेव, मला फोटोत दिसू दे. बाळ येशू मात्र रात्रीच ठेवायचा, आजीच्या हातून.

नाताळच्या फराळातल्या कुलकुलांचं पीठ आजी मळेल, वळायचं काम तुझं. काट्याच्या चमच्याच्या पाठीवर अंगठ्याने हलकं दाबून ओढायचं, जोर दिलास तर रेघा बुजतात. नारळाचं दूध पहिलंच घाल. इथे मी डब्यातलं वापरून करणार आहे, नेपाळची मुलगी मदतीला येते म्हणाली. तिचे काटे बघून घेते.

24 ला माझी पाळी दुपारी साडेचारला सुरू होते आणि 25 ला सकाळी साडेनऊला सुटते. तुमच्याकडे रात्रीचे बारा होतील तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन. त्या वेळी मी कूस बदलायच्या फेरीवर असते, फोन घेता येणार नाही. रागावू नकोस. त्यापेक्षा असं कर. मिस्सा सुरू व्हायच्या आधी देवळाची घंटा झाली की फोनवर रेकॉर्ड कर. मध्ये बोलू नकोस, धाकट्यालाही गप्प बसव. ती मला लगेच पाठव. उराकामीच्या आजी पहाटे पाचला जाग्या होतात. त्यांना मी सांगून ठेवलं आहे की माझ्या गावालाही घंटा आहे.

आणि आज जेव. मी पपांना विचारणार आहे.

तुझी
आई