जन्मतारीख सापडली म्हणून सिद्धता होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पाय’च्या (π, वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) दशांशांत प्रत्येकाची जन्मतारीख असतेच, हे गणिताने सिद्ध केल्याचे आपल्या लेखात म्हटले आहे. तसे काहीही सिद्ध झालेले नाही. ५ हा अंक पायमध्ये अनंत वेळा येतो का, एवढेसुद्धा अजून कुणाला दाखवता आलेले नाही.

लेखकाच्या मनात नॉर्मल संख्या असाव्यात. अशा संख्येत प्रत्येक अंक सरासरी दहात एकदा, प्रत्येक अंकजोडी शंभरात एकदा, तीन अंकांचा प्रत्येक गट हजारात एकदा येतो, आणि हे कितीही लांबीच्या गटापर्यंत चालते. नुसते सुटे अंक मोजून भागत नाही. ०.०१२३४५६७८९०१२३४५६७८९… यात दहाही अंक अगदी समसमान आहेत, पण ११ ही जोडी शोधून सापडणार नाही. संख्या अपरिमेय, म्हणजे दोन पूर्णांकांच्या भागाकाराने लिहिता न येणारी, असणेही पुरत नाही: ०.१०१००१०००१… अपरिमेय आहे, तिच्यात २ औषधालाही नाही.

जवळजवळ सगळ्या वास्तव संख्या नॉर्मल असतात, हे गणिती एमिल बोरेल यांनी १९०९ मध्ये दाखवले. गंमत अशी, की एखादी संख्या समोर ठेवून ‘ही नॉर्मल’ म्हणणे महाकठीण. गणिती चँपरनाउन यांनी १९३३ मध्ये १, २, ३… ओळीने लिहून ०.१२३४५६७८९१०१११२… ही संख्या घेतली आणि ती नॉर्मल असल्याचे सिद्ध केले. इथेही घाईने मोजणारा फसतो. ९९ पर्यंतच्या १८९ अंकांत शून्य फक्त ९ वेळा येते, बाकीचा प्रत्येक अंक २० वेळा. ९९९ पर्यंत शून्ये १८९, इतर ३००-३००. ९,९९,९९९ पर्यंत गेले तरी शून्याचा वाटा ८.३ टक्केच, दहा टक्क्यांकडे तो फारच सावकाश सरकतो.

पायच्या पहिल्या १० लाख दशांशांत ५ सर्वाधिक, १,००,३५९ वेळा येतो आणि ६ सर्वांत कमी, ९९,५४८ वेळा. यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढावेत तशा अंकांतही सुमारे ३०० चे प्रमाण विचलन (सरासरीपासूनची नेहमीची चढउतार) अपेक्षितच असते, तेव्हा यात ‘गूढ’ शोधू नये. अंक यादृच्छिक मानले, तर सहाअंकी तारीख एवढ्या अंकांत सापडण्याची शक्यता ६३ टक्के, आठअंकी तारखेची जेमतेम १ टक्का. पायच्या अंकांच्या फाइलमध्ये तारीख शोधण्यापूर्वी तिच्यातल्या मोकळ्या जागा आणि ओळी तोडणाऱ्या खुणा काढून टाकाव्यात. नाहीतर दोन ओळींत विभागलेली तारीख असूनही दिसत नाही.

आपला,
गणिताचा एक वाचक